खंडेनवमीच्या निशाणाची पाळी

खडीमाळ, कोल्हापूर
१४ जून २०२४

ती. ताईस,
हंबीररावाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. जन्मभर इंजिनाला कान लावून बसलो, आता फोनवर तुझं बोलणं म्हणजे मला नुसती घरघर. पूर्णिमा म्हणते कानाला मशीन लावा. मी म्हटलं, तुझं ऐकू यावं म्हणून एवढा त्रास कोण घेतो. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

पण आज थट्टेचं पत्र नाही. शहराचा नवा विकास आराखडा आलाय. आपला मोटारींचा ट्रॅक आजवर नकाशात हिरवा होता, खेळाच्या मैदानाचा. आता तो पिवळा केलाय. पिवळा म्हणजे घरं. आबा आजोबांनी रुळाला बैल जुंपून दाबलेला ट्रॅक, आख्ख्या जिल्ह्यातल्या जीपा आणि फटफट्या जिथे खंडेनवमीला पूजा करून पळायच्या, तो म्हणे ‘वापरात नसलेली मोकळी जागा’. वाचून माझं डोकंच फिरलं. कळंब्यापासून इकडे जिथे बघावं तिथे बिल्डिंगा उठल्यात, तेवढ्यानं यांचं पोट भरलं नाही.

मी हरकत घेणार आहे. ट्रॅक गेला की त्याच्या कडेचं माझं गॅरेजही गेलं, आणि या वयात नवीन शटर कुठे लावू? भाड्यानं राहणारी मंडळी मात्र खूश आहेत. घरं झालीच पाहिजेत म्हणून सह्या गोळा करत फिरतात. त्यांत पुढे कोण, तर आपली क्रांती. मामाच्याच जागेवर भाचीनं मोर्चा काढायचा, ही कुठली रीत? तू तिला समजाव.

चुलत्यांचा धैर्यशीलही हरकत घेणार आहे, पण वेगळी. घेऊ दे. त्याचा आपला काय संबंध.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा,
हंबीर


कुरुंदवाड
२३ जून २०२४

चि. हंबीर यास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पूर्णिमेला सांग, मशीन तुला नको, तिलाच दे. तुझं बोलणं कमी ऐकू येईल असं एखादं मिळतं का बघ म्हणावं.

आराखड्याचं वाचून मला रडू आलं, हे आधी सांगते. आण्णांनी मला जीप शिकवली ती त्याच मातीवर. शेवटचं वळण घेताना मी ब्रेक मारला की ते ओरडायचे, आणि नाही मारला की अजूनच ओरडायचे. लग्नानंतर स्टिअरिंगला कधी हात लागला नाही. पण अजून गाडीत कुणाच्याही शेजारी बसले की वळणावर पाय आपोआप खाली दाबला जातो.

क्रांतीला मी समजावणार नाही. लग्न झाल्यापासून तिनं चार घरं बदलली. घरमालकाचा मुलगा लग्नाला आला की हिचा संसार टेम्पोत. पोरीनं घर मागितलं तर तिचं काय चुकलं? मला ट्रॅकही हवा आहे आणि तिला घरही हवं आहे, आणि दोन्ही एकाच जागी होत नाही, म्हणून मला झोप नाही.

पण तुझ्यावर माझा राग आहे. त्यांनी ‘वापरात नसलेली’ लिहिलं, ते खोटं आहे का? शर्यत कधी झाली होती शेवटची? निशाण दाखवून शर्यत सोडायचा मान एक वर्ष आपल्या घराचा, एक वर्ष चुलत्यांचा. २०१९ ला धैर्यशीलनं निशाण दाखवलं. पुढचं वर्ष आपलं, तर लॉकडाऊन लागलं. पुढच्या वर्षी तू म्हणालास आमची पाळी राहिली आहे, आम्हीच दाखवणार. तो म्हणाला वर्षाबरोबर तुमची पाळी गेली, आता आमची. तेव्हापासून दर खंडेनवमीला गाड्या येतात, तुमच्या दोघांची तोंडं बघतात आणि परत जातात. पाच वर्षं माळावर शेळ्या चरतात. ट्रॅक पिवळा त्या नकाशावाल्यांनी नंतर केला, आधी तुम्ही दोघांनी केला.

अजून वेळ आहे. सुनावणी दिवाळीनंतर आहे म्हणतात, आणि खंडेनवमी त्याच्या आधी. एक शर्यत होऊ दे. दोघांची हरकत एकाच कागदावर जाऊ दे. आणि निशाणाचा तिढा सुटत नसेल तर मी दाखवते. दोन्ही घरांतलं थोरलं लेकरू मीच आहे. धैर्यशीललाही मी हेच लिहिलं आहे.

औषधं वेळेवर घे. आशीर्वाद आहेत, सोबत हा ओरडाही आहे.

तुझी,
ताई


खडीमाळ
२० जुलै २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहिणार होतो, पण रागात काही वेडंवाकडं जाईल म्हणून थांबलो.

तुझ्या मायेबद्दल मी काय बोलणार. पण ताई, तू निशाण दाखवलंस तर लोक काय म्हणतील? लेक दिल्या घरी गेली, ती आता तिकडची. मान घराचा असतो, माणसाचा नसतो. उद्या कुरुंदवाडच्या घरानं कोल्हापूरच्या ट्रॅकवर मान घेतला असं होईल. भाऊजींनाही ते आवडणार नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस, रीत मी काढलेली नाही.

आणि धैर्यशीलपुढे मी वाकणार नाही. परवा चहाच्या गाड्यावर सगळ्यांदेखत म्हणाला की हंबीऱ्याला पान्यापलीकडं काय कळतंय, शर्यत आमच्या घरानं केली, ह्यांच्या आण्णानं नुसतं नटबोल्ट आवळलं. आण्णांबद्दल असं बोललेलं तू ऐकून घेतलं असतंस का? मला ऐकू कमी येतं, पण तेवढं नेमकं आलं.

वकिलानं माझी हरकत छान लिहून दिली आहे. ‘ऐतिहासिक’ हा शब्द सहा ठिकाणी आहे. काळजी करू नकोस.

पाऊस तिकडे फार आहे का? सामान वरच्या मजल्यावर नेलंत ना? कळव, आणि राग धरू नकोस एवढंच मागणं.

तुझा,
हंबीर


कुरुंदवाड
२ ऑगस्ट २०२४

चि. हंबीर यास,
अ. उ. आ.

पाणी पायरीला लागून परत गेलं. सामान वर आहे, आम्हीही वरच आहोत. तुझे भाऊजी खिडकीतून नदीला शिव्या घालतात, एरवी त्या माझ्या वाट्याला येतात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. परकी म्हणालास ते लागलं. तू मनाला लावून घेऊ नकोस म्हणतोस, पण ते काही मला विचारून लागत नाही. भाऊजींना आवडणार नाही म्हणालास, म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले की जातीस तर जा, मीबी बघायला येतो की.

शेवटचं सांगते. मान मला नको. धैर्यशीलला दे, नाहीतर तू घे, नाहीतर रस्त्यावरच्या पोलिसाला बोलाव आणि त्याच्या शिट्टीवर गाड्या सोड. पण सोड.

तुझी,
ताई


खडीमाळ
२८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुनावणी झाली. खंडेनवमीला शर्यत झाली नाही, ते तुला कळलंच असेल.

हॉल माणसांनी भरला होता. म्हातारा पिराजी हेल्मेट घालून आला होता. पूर्वी तो तीन वर्षं सलग पहिला आलेला. साहेब म्हणाले आजोबा हेल्मेट काढा, तर म्हणाला की ट्रॅक राहील असं सांगा, मग काढतो. सगळे हसले. तेवढंच काय ते चांगलं झालं.

धैर्यशील आधी उभा राहिला. म्हणाला की ट्रॅक ऐतिहासिक हाय, पण तो आमच्या घराचा, हंबीररावाच्या घराचा त्याच्याशी काय बी संबंध न्हाय. मग मी गप्प बसू का? मी उठून सांगितलं की पहिली शर्यत आमच्या आण्णांनी भरवली, चुलते त्या दिवशी जोतिबाला गेलते. दोघांनी पुरावे दिले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, शेवटची शर्यत कधी? दोघंही म्हणालो, २०१९. का थांबली? मी त्याच्याकडे बोट केलं, त्यानं माझ्याकडे. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग तुझी क्रांती उठली. भर सभेत म्हणाली की दोन माणसांनी आपलं भांडण उभं करायला आख्खा माळ अडवलाय आणि आम्हाला दोन खोल्या मिळत नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ऐकू आल्या नाहीत, पण हात दिसले. तुझ्या शिकवणीबद्दल मी काय बोलू.

लोभ ठेवशील अशी आशा आहे.

तुझा,
हंबीर


कुरुंदवाड
५ डिसेंबर २०२४

चि. हंबीर यास,
आशीर्वाद.

तू सगळं लिहिलंस, एक सोडून. ते मला पूर्णिमेनं फोनवर सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, माहेरच्या बातम्या मला आता तिच्याकडूनच खऱ्या कळतात.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी धैर्यशील तुझ्या दारात आला होता. त्यानं सांगितलं की ताई माझीबी बहीणच हाय, तिच्या हातानं होऊ दे, माझं काय म्हणणं न्हाय. पूर्णिमा चहा ठेवायला आत गेली. ती बाहेर येईपर्यंत तो गेलेला. का, तर तो बोलताना रस्त्यावरच उभा राहिला, उंबरा चढून आत आला नाही, म्हणून तू त्याला वाटेला लावलंस.

म्हणजे चुलत भावाला मी चालत होते. सख्ख्याला चालले नाही. मी इथे इस्त्रीची साडी काढून बसले होते, रे.

क्रांतीला बोलायला मी सांगितलं नव्हतं. पण तिनं विचारलं असतं तर नको म्हणाले नसते.

ताई


खडीमाळ
१८ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
हंबीररावाचा शि. सा. न. वि. वि.

वर्षभर तुझं पत्र नाही. भाऊबीजेलाही आली नाहीस. मी मात्र रोज आठवण काढतो.

आराखडा मंजूर झाला, ते पेपरात वाचलं असशील. जे झालं ते झालं. आता जागा रहिवासी झालीच आहे तर रडून उपयोग नाही. एक बिल्डर आलाय, माणूस फार आदबशीर आहे. गॅरेजच्या बदल्यात रस्त्याला लागून गाळा देतोय, वर फ्लॅट. धैर्यशीलचंही ठरलं. गेल्या गुरुवारी भूमिपूजन झालं. तुला ऐकून बरं वाटेल म्हणून सांगतो, कुदळ आम्ही दोघांनी मिळून मारली. बिल्डरनं दोघांना सारखे फेटे बांधले, दोघांचे हात एकाच दांड्यावर ठेवले, फोटो काढला. त्यानंतर धैर्यशील घरी जेवायला होता. तू इतकी वर्षं म्हणत होतीस ना की एक व्हा, झालो एकदाचे.

मोठे फ्लॅट आहेत, सगळे तीन बेडरूमचे. क्रांतीच्या मंडळींना ते परवडायचे नाहीत, पण त्याला आपण काय करणार. घरं झाली ना?

आता कामाचं. आण्णांच्या मागे सातबाऱ्यावर माझ्याबरोबर तुझंही नाव लागलेलं आहे. वकील म्हणतो बहिणीचं हक्कसोड पत्र पाहिजे. सगळ्यांच्या बहिणी देतात, नुसती सही असते. सोमवारी ये. पूर्णिमेनं तुझ्यासाठी चांगली निळी पैठणी आणून ठेवली आहे. गाडी पाठवतो. बहीणभावातला हा ओलावा असाच राहावा ही प्रार्थना.

तुझा,
हंबीर


कुरुंदवाड
२७ नोव्हेंबर २०२५

श्री. हंबीरराव यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. सोमवारी मी आले नाही, ते आपण पाहिलंच. गाडी रिकामी परत पाठवली. ड्रायव्हरला जेवायला घातलं होतं.

ट्रॅक वाचवायला दोन हात एका निशाणावर आले नाहीत. तो खणायला लगेच एका कुदळीवर आले. फोटो क्रांतीनं मला मोबाईलवर दाखवला. दोघंही हसताय. मी फार वेळ बघत राहिले, मग तिला म्हटलं बंद कर.

निशाण दाखवायचं होतं तेव्हा मी दिल्या घरची होते. सही हवी आहे तर घरची झाले. मधल्या काळात मी कुठेही गेले नाही, कुरुंदवाडलाच होते.

सही करणार नाही. लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. माहेर बुडवलं म्हणतील. भाऊबीजेचं ताट मी यंदा मांडलं नाही, पुढेही मांडायचं कारण उरणार नाही, हेही ठाऊक आहे. अक्षर वाचता आलं नाही तर पूर्णिमेकडून वाचून घ्यावं.

माझा हिस्सा मोजून वेगळा काढून द्यावा. मोजणीचा अर्ज काल केला. तिथे क्रांतीचं बैठं घर होईल, दोन खोल्या आणि पुढे अंगण. यात माझा स्वार्थ आहे. आपण सगळ्यांनी आपापला बघितला, मी शेवटी बघते आहे. बिल्डरला त्याची बिल्डिंग थोडी सरकवावी लागेल.

पैठणी पूर्णिमेनं नेसावी. तिला निळा रंग शोभतो.

लोभ ठेवा असं लिहायला हात धजत नाही. मोजणीच्या दिवशी हद्द दाखवायला मी स्वतः येणार आहे. आपणही हजर राहावं.

संयोगिता