चार नंबरची घंटी

८ एप्रिल १९७४
आज कारंजा लाडला रुजू झालो. ऊन मरणाचं, पण कामगिरी झकास आहे: मंगरूळपीर रस्त्यावर अडल्यानडल्या गाडीवाल्यांसाठी बसवलेले सहा फोन सुधारायचे. डब्यातला रिसीव्हर उचलला की आमच्या चौकीत त्या नंबरची घंटी वाजते. ऑपरेटर देवमन. त्याच्या घरी त्याच्या बायकोनं, लिलाबाईंनी, ठेचा-भाकरी वाढली आणि मी नाशिककर तांब्याभर पाणी प्यायलो. दोघंही पोट धरून हसले.

१० एप्रिल
दुपारी तीनला चार नंबर वाजला. देवमन ढिम्म. म्हणाला, "वाऱ्यानं तारा भिडून राह्यल्या, साहेब. दुपारी चार नंबर उचलाचा नाई, असा रिवाजच हाये आमचा." आग लागो असल्या रिवाजाला! लगेच जाऊन तारा ताणून घेतल्या.

१२ एप्रिल
वारा पडलेला, तरी तीनला घंटी. मी उचलला. दणके, हाड मोडल्याचा आवाज आणि एक माणूस कळवळून म्हणत होता, "मारून राह्यले मले... उचला ना कोनी." जीप दामटली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डब्याच्या दारावर कोळ्याचं जाळं जसंच्या तसं.

परतलो तर देवमन रडत होता. गेल्या एप्रिलात हीच घंटी पाऊण तास वाजली. रिवाजाप्रमाणे त्यानं उचलली नाही. लुटारूंनी ट्रकवाल्या रामसिंगला त्याच्याच चाक खोलायच्या टामीनं त्या डब्यापाशी ठेचून मारलं होतं.

१५ एप्रिल
रोज तीनला. आज रिसीव्हरच्या भोकांतून रक्त आलं, माझ्या कानात गेलं. कोमट. मी भ्यालोय, लपवण्यात अर्थ नाही. देवमनला लेखी हुकूम दिला: चार नंबर कुणीही, कधीही उचलायचा नाही. उद्या डबाच उपटतो.

१६ एप्रिल
डबा उघडला. आत रामसिंग. अर्धी कवटी – हातात टामी –

गुडघा फोडला. हाड बाहेर. जीप दहा पावलांवर, पण सरपटताही येत नाही.

तो थांबलाय. टामीनं फोनकडे खूण करतोय. लाव म्हणतोय.

लावला. तीन वाजलेत. घंटी जातेय. देवमन समोरच बसला असेल – भिंतीवर माझा हुकूम – माझीच सही –

डावा हात गेला. उजव्यानं लिहितो.

अजून जातेय. देवमन, अरे मी आहे, उच