उतरता सूर

प्रिय मंजूताई,

या ट्रेनिंगची किंमत डॉलरात विचारू नकोस. तुझ्या वैदेहीचं लग्न फोनच्या स्क्रीनवर पाहिलं, आईच्या वर्षश्राद्धाला नव्हतो आणि कराडात इतकी वर्षं भूल देऊनही इथे अमेरिकेत पुन्हा पहिलीच्या बाकावर बसलो. एवढं गेलं. आणखीही काहीतरी गेलंय, त्याला नाव सापडत नाही. परवा एक म्हातारे गृहस्थ ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. मी मशीन बंद केलं, हात धुतले आणि बेगल खाल्ला. चवीला बरा होता.

तू हट्ट धरून बसली आहेस, हृदयाची झडप बदलायची तर भूल माझा भाऊ दत्तूच देणार, तो येईपर्यंत टेबलावर झोपणार नाही. म्हणून आधी इथलं सांगतो.

आमचं दुकान, म्हणजे भुलीचा विभाग, छोटं. माझ्या वर्षाला आम्ही तिघंच, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. उरलो मी आणि कुश. मला शिंक आली तरी त्याची सुट्टी कॅन्सल होते. इथल्याच एडिसन गावात वाढलेला मराठी घरचा पोरगा, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मला भर थिएटरात काका म्हणतो. आता गोऱ्या नर्सही डॉक्टर काका म्हणतात, त्यांना ते माझं आडनाव वाटतं. मी दुरुस्त करत नाही. खरं आडनाव त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा हे बरं.

पण कानांनी मी इथे नाव काढलंय. पेशंटच्या बोटाला चिमटा लावतात, ठोक्यागणिक मशीन टिंग करतं. रक्तातला ऑक्सिजन उतरला की तो सूरही उतरतो. बाकीचे स्क्रीनकडे बघतात, तोवर माझा हात मास्ककडे गेलेला असतो. तू शिलाई मशीनवर घर चालवत होतीस तेव्हा मी लाउडस्पीकरच्या दुकानात भोंगे दुरुस्त करत होतो, ती शिदोरी अजून पुरते. एकदा शेजारच्या खोलीतला सूर उतरला आणि मी इथून ओरडलो. सर्जन म्हणाला, काका, तू माणूस आहेस की वटवाघूळ? मी म्हटलं, वटवाघूळच, पण ते उलटं लटकून झोपतं तरी, तुम्ही मला तेही देत नाही. थट्टा सोड, पण अडखळता श्वास माझ्या कानातून सुटत नाही, हे छाती ठोकून सांगतो.

मार्चमध्ये कुशच्या वडिलांचं, मनोहररावांचं, हर्नियाचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, दुसऱ्याने द्यायची, हा या धंद्यातला रिवाज. मनोहरराव रुसले. म्हणाले, घरचा डॉक्टर असताना मी परक्याकडून का झोपू? कुशला बाहेर बस म्हटलं तर तो दारातच उभा. भूल मी दिली. सगळं सुरळीत, आणि हा सारखा, काका, इट्स ड्रॉपिंग! सूर होता तिथेच होता. शेवटी त्याला कँटीनमध्ये हाकललं. एरवी पोरगा माझ्याहून थंड डोक्याचा.

आता मुद्द्याचं. मला रजा दिवाळीशिवाय नाही. कुश म्हणतो, काका, गो, पण तो एकटा किती ओढणार? आणि तुझी झडप दिवाळीची वाट बघणार नाही. भूल सत्यजित देईल. कराडात आम्ही एकाच टेबलाशी उभे राहिलोय, त्याच्याशी मी बोललोय, तू फक्त तारीख घे. माझ्या कानांच्या भरवशावर थांबली असशील, तर हे वाच. गेल्या रविवारी आपण फोनवर किती वेळ बोललो, आठवतं ना? तू लोणच्याचं सांगत होतीस. ठेवल्यावर तुझ्या सुनेचा, वीणाचा फोन आला. म्हणाली, आई दर दोन शब्दांनी धापा टाकत होत्या, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?

मला ऐकू आलं नव्हतं.

तुझाच,
दत्तू