नाववाल्याला सांगितलं

बाझेल, १४ ऑगस्ट २०१९

प्रिय लेनीताई,

नमस्कार. मी खुशाल आहे. तू, कुत्रा आणि पाचही गायी खुशाल असाल. फ्लोराच्या मागच्या पायाला मलम लावतेस ना? हलक्या हाताने लाव. ती नाजूक आहे, तुझ्यासारखी नाही.

पत्र बघून दचकू नकोस. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू ऐकत नाहीस, नुसती बोलतेस. आणि मला जे सांगायचंय त्यात कोणी मध्येच तोंड घातलं तर मी ते परत गिळून टाकीन. तेव्हा आधी धारा काढून घे आणि मग चष्मा लावून बस.

आपल्या चुलतभावाची मुलगी रेगुला माझी फार बडदास्त ठेवते. "आत्या, उठू नका," म्हणून कॉफी बिछान्यात आणून देते. मी ती तशीच उचलून स्वयंपाकघरात नेते आणि टेबलाशी बसून पिते. पहिल्या दिवशी तिने मला चित्रं बघायला नेलं. एका चित्रात गाय होती, पण कास भलत्याच जागी. मी तिथल्या पहारेकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, ती गाय चारशे वर्षं तशीच आहे." म्हटलं, "मग चारशे वर्षं तिची धार कोणी काढलेली नाही." त्यानंतर तो माझ्या मागे मागे फिरत होता.

दुसऱ्या दिवशी त्या लाल दगडाच्या मोठ्या चर्चमध्ये गेले. चर्च छान आहे. मागच्या गच्चीतून खाली ऱ्हाइन दिसते, आणि ती नाव दिसते. तू सांगायचीस तशीच आहे गं. वर आडवी तार, तारेला बांधलेली लाकडी नाव, आणि इंजिन नसताना नुसत्या प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते. मी पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत फिरले. रेगुलाला सांगितलं, गुडघा दुखतोय.

गुडघा दुखत नव्हता.

चित्रं बघायला आले हेही खरं नाही, ताई. तुला तेव्हाच संशय आला असणार. घरातलं कॅलेंडरसुद्धा मी तारखेपुरतं बघते.

तू एकोणीस वर्षांची असताना इथे त्या डॉक्टरांच्या घरी कामाला होतीस. आई आजारी पडली म्हणून बाबांनी तुला परत बोलावलं. येताना तू इथून एकच गोष्ट आणलीस, इथल्या लोकांची ती म्हण. कोणी थाप मारली की "जा, नाववाल्याला सांग." तो बिचारा दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतो, तुझंही ऐकेल, असं. मी म्हणायचे, दूध मांजरीने सांडलं. तू म्हणायचीस, जा, नाववाल्याला सांग. पंचावन्न वर्षं तू मला हे ऐकवलंस, आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घातली. तुला वाटायचं, दुधाची लाज वाटते हिला.

तर तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज नाववाल्याला सांगायचंच. आणि नेमकं त्याच दिवशी रेगुलाने ठरवलं, आत्याला ऱ्हाइनमध्ये पोहायला न्यायचं. इथे उन्हाळ्यात सगळं गाव संध्याकाळी नदीत पडतं. बँकेतले साहेब, शाळामास्तर, आज्या, सगळे. कपडे एका माशाच्या आकाराच्या पिशवीत कोंबायचे, पिशवीचं तोंड सात वेळा गुंडाळून बंद करायचं, तिला मिठी मारायची आणि वाहत जायचं. पुढे कुठेतरी काठाला लागून, त्याच पिशवीतले कोरडे कपडे घालून ट्रामने घरी. बाकी शहाणीसुरती माणसं वाटतात.

रेगुलाने बजावलं, "आत्या, सात घड्या!" मी मनात म्हटलं, पिठाची पिशवी आपण दोन घड्यांत बंद करतो. तीन घातल्या. एक जास्तच.

त्या पिशवीत माझे कपडे होते, तुझा तो चांगला स्वेटर होता (होय, मीच नेला), आणि एक पत्र होतं.

पोहायला तू मला तळ्यात शिकवलंस, ते विसरले नव्हते. पाच मिनिटं तर अशी मजा आली की काय सांगू! चर्च बाजूने सरकत होतं, मी राणीसारखी वाहत होते, शेजारून एक टकले गृहस्थ टोपी घालून चालले होते, त्यांनी मला "शुभ संध्याकाळ" म्हटलं. मग पिशवी जड झाली. मासा पाणी प्यायला होता. मी सोडीना, तो वर येईना. रेगुला ओरडतेय, "सोडा ती, आत्या!" आणि मी आपली पिशवीला कवटाळून गरागरा फिरतेय. शेवटी नावेच्या धक्क्यावर जाऊन आपटले आणि तिथल्या खांबाला मिठी मारली.

वरून आवाज आला, "ओ बाई! खांब सरकारी आहे. घरी नेता येणार नाही."

वर पाहिलं तर पांढऱ्या मिश्या आणि हातात आकडीची काठी. त्या काठीने त्याने आधी पिशवी वर घेतली, मग मला. नावेत आठ-दहा माणसं बसलेली, आणि मी एकोणसत्तराव्या वर्षी पोहण्याच्या कपड्यांत निथळत उभी. त्याने मला घोंगडी दिली. मी विचारलं, "तुम्ही बाल्ट्स ना?" तो म्हणाला, "पाण्यातून येणाऱ्या बायका आता माझं नावही विचारून येतात की काय?"

तुझे डोळे आता मोठे झाले असतील. होय, तोच. तेव्हा म्हाताऱ्या नाववाल्याच्या हाताखाली होता, आता स्वतः म्हातारा नाववाला आहे. बायको सात वर्षांपूर्वी गेली. मला हे सगळं विचारावं लागलं नाही, तो स्वतःच बोलत असतो.

आता लिहिते. त्या वर्षी सप्टेंबरात आई गेली. ऑक्टोबरात तुझ्या नावाने पत्र आलं. पोस्टमनकडून मी घेतलं, आणि तुला दिलं नाही. उघडून वाचलं आणि माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवलं. तू सुईला हात लावत नाहीस हे मला माहीत होतं. तू इथे निघून गेली असतीस तर घरात मी, बाबा आणि सात गायी. आणि बाबा काय ते गायींशीच बोलायचे. मला भीती वाटली गं. त्या हिवाळ्यात पोस्टमन आला की तू हात पुसत बाहेर यायचीस, ते मी खिडकीतून बघायचे. चौदा वर्षांची होते, हे कारण झालं. पण चाळिशीत आणि साठीत मी चौदाची नव्हते ना. रोज म्हणायचे उद्या देते, आणि तो उद्या बटणांखालीच राहिला.

तर नावेत, सगळ्यांसमोर, पिशवीतून ते पत्र काढलं. लगदा! शाई धुऊन गेलेली, नुसता निळा डाग. मी भोकांड पसरलं. म्हटलं, "हे तुम्ही माझ्या बहिणीला लिहिलं होतं. लेनीला. मी चोरलं."

तो म्हणाला, "कोण लेनी?"

ताई, मला असा राग आला! जिच्यापायी मला पंचावन्न वर्षं धड झोप नाही, ती याला आठवत नाही! वर हसून म्हणतो कसा, "रडू नका हो. त्या उन्हाळ्यात मी तीन मुलींना पत्रं लिहिली होती. मजकूर एकच, नाव तेवढं बदललं. तिघींपैकी एकही आली नाही." नावेतले लोक हसले. मीही हसले असते, पण मी ते पत्र इतक्या वेळा वाचलंय की मला पाठ आहे. मी उभी राहिले आणि शाळेत म्हणायचे तसं म्हणून दाखवलं. तुझं आहे, तुलाही ऐकायचा हक्क आहे:

"लेनी, तू गेल्यापासून नाव पलीकडे जाते आणि परत येते, पण कशासाठी ते मला कळत नाही. शरदाच्या जत्रेआधी ये. आईला सांगितलंय. ती म्हणते, डोंगरातली मुलगी चालेल, पण येताना घरचं चीज आणायला सांग. नाही आलीस तर मी समजून घेईन आणि परत लिहिणार नाही. बाल्ट्स."

नाव काठाला लागली. तो दोर बांधायचा विसरला. लोक उतरायला उभे राहिले आणि हा बाकावर बसलेला. नाव परत प्रवाहात निघाली तेव्हा एक बाई ओरडली, मग तो उठला. लोक उतरून गेल्यावर म्हणाला, "चीजचं एकीलाच लिहिलं होतं."

मग बराच वेळ घोंगडीची घडी घालत बसला. माझ्या अंगावर होती तरी. आणि विचारलं, "ती अजून पायऱ्या मोठ्याने मोजत उतरते का?"

मी म्हटलं, "रोज. तळघराच्या एकोणीस."

तो म्हणाला, "इथल्या तिने कधी बरोबर मोजल्या नाहीत. दर वेळी वेगळा आकडा."

ताई, मी माफी मागत नाही. मागितली तर तू "बरं, बरं" म्हणून गोठ्यात निघून जाशील, आणि मला ते चालणार नाही. पत्र सोबत घातलंय. वाळवलंय, पण निळ्या डागाखेरीज त्यात काही उरलं नाही. शनिवारी मी घरी येते. तुला भांडी आपटायची असतील तर शनिवारची रात्र आहे, मी समोर बसून राहीन. रविवारपासून गोठा माझा आणि सकाळची गाडी तुझी. तुझी पिशवी रेगुलाकडे तयार आहे, लाल मासा. सात घड्या घाल, मोजून. चर्चच्या मागच्या पायऱ्या उतर. नाव पलीकडे असेल तर काठावरची घंटा वाजव. आणि चीज जुनं आण, त्याचे दात अजून शाबूत आहेत, मी बघितले.

आणि तिथे आवडलं तर राहा. घरात मी, पाच गायी आणि कुत्रा. मी आता त्यांच्याशी बोलते, मला जमतं.

नाववाल्याला सांगितलं, ताई. आता तुलाही सांगितलं.

तू म्हणशील तोवर तुझीच,
व्रेनी

ता. क. स्वेटर आटलाय. तोही माझ्याच नावावर लिही.