मेविसच्या रविवारची फुलं

हॅदरस्लॅक, यॉर्कशर
ऑगस्टअखेर

प्रिय विनिफ्रेडताई,

क्लिफर्डचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. माझी तब्येत ठीक आहे. राग मात्र उतरत नाही, म्हणून लिहितो आहे.

चर्चमध्ये फुलं लावायचं काम बायका पाळीपाळीने करतात, आणि महिन्याचा पहिला रविवार तुमच्या बहिणीचा, माझ्या मेविसचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मेविस फेब्रुवारीत गेली. पाळ्यांचा तक्ता मिसेस ऑल्डरसनकडे असतो, त्यावरून तिचं नाव त्यांनी खोडायचं. पण विषय मी काढीन म्हणून त्या थांबल्या, आणि त्या काढतील म्हणून मी थांबलो. (आमच्याकडे अशाने लोकांची लग्नं राहिली आहेत.) मार्चचा पहिला रविवार आला, तसे मी बागेतले पिवळे डॅफोडिल कापून नेले आणि पितळी फुलदाणीत कोंबले. कांद्याच्या पातीची जुडी दिसत होती. बायका म्हणाल्या, "किती वेगळं दिसतंय." याहून कडक शब्द आमच्या गावात वापरत नाहीत. तरी मी एप्रिलमध्ये फुलं नेली, मेमध्ये नेली, आणि अजून नेतो आहे.

आता मंडळींच्या मनात आलं की हे माझ्या प्रकृतीला बरं नाही. मिसेस ऑल्डरसन लिंबाचा केक घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "क्लिफर्ड, नाव वगळू या आता. हा तुमचा टर्निंग पॉइंट समजा." मग लीड्सहून मुलाचा फोन. "बाबा, हा एक माइलस्टोन आहे, तेवढा पार करा." नव्या पाद्रीणबाईंनी तर मला कुंपणापाशी गाठून याला 'वॉटरशेड' म्हटलं. मी भांडखोर माणूस नाही. पण घरात जाऊन शब्दकोश काढला.

ताई, हे लोक असे शब्द बिस्किटांसारखे हातोहात देतात. माइलस्टोन हा आपल्या वाटेवरचा दगड. इतकं चाललो, इतकं उरलं, एवढंच तो सांगतो. दुकानाला पंचवीस वर्षं झाली, बाळानं पहिलं पाऊल टाकलं, तिथे तो शोभतो. मला कुठे पोचायचं आहे, ते कुणी सांगितलेलं नाही. वॉटरशेड म्हणजे डोंगराची ती कड, जिथून पाणी दोन वेगळ्या समुद्रांकडे जातं. त्यानंतर सगळंच पालटलं, असं म्हणायचं असेल तेव्हा तो वापरायचा. आमच्या माळावर अशी कड आहे. मेविस आणि मी तिच्यावर बसून सँडविच खाल्ली आहेत, आणि चिखल दोन्हीकडे सारखाच होता. राहिला टर्निंग पॉइंट. तो मागे वळून बघताना सापडतो. आजार बरा झाल्यावर म्हणायचं, की त्या दिवसापासून उतार पडला. तो आधीच ठरवून, केकसोबत घरपोच द्यायची वस्तू नाही.

हे सगळं मी गुरुवारी चर्चच्या बैठकीत उभा राहून बोललो. (आजवर त्या बैठकीत मी, खिडकी उघडू का, एवढंच विचारत आलो.) शेवटी म्हणालो, "मेविसचं नाव खोडायचं असेल तर 'खोडतो' म्हणा. त्यावर पांघरूण नको." कुणी माझ्याकडे बघेना. पाद्रीणबाई चहा ओतायला उठल्या. मग मिसेस ऑल्डरसन हलकेच म्हणाल्या, "शब्दाचं राहू द्या हो, क्लिफर्ड. ऑक्टोबरचा पहिला रविवार सुगीच्या सणाचा. लांबलांबची माणसं येतात. आणि तुमची ती फुलं म्हणजे..." पुढचं त्यांनी कपात बघून सोडून दिलं. ठरलं ते असं, की सणाची सजावट नीट झाली तर नाव राहील, नाही तर जाईल. यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येईना, आणि त्याचाच जास्त राग आला.

घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमचा,
क्लिफर्ड

ता. क. पत्र खरं यासाठी. सणाला मेविस गव्हाच्या पेंढ्या व्यासपीठाला बांधायची, त्या ढासळत नसत. माझ्या ढासळतात. दिवाणखान्यात करून पाहिलं, मांजर खाली सापडलं. मेविसला ते बांधणं तुम्हीच शिकवलं होतं. गुडघा ऐकत असेल तर सणाच्या आठवडाभर आधी या. स्टेशनवर मी येईन.

आणखी एक. मला फुलं लावायला आवडू लागलं आहे. जूनमध्ये एकदा बरी जमलीही होती. इथे आल्यावर हे कुणाला सांगू नका. लगेच त्याला एखादा शब्द चिकटवतील.