डाव्या कानाची शिवण

३ मार्च

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

तुझी लाडकी कवटी काल सुखरूप पोचली. दगड झालेलं अक्रोडाएवढं डोकं, त्यात अजून दुधाचे दात, आणि त्याच्यापायी तू वर्षभर ताईकडे जेवायला फिरकला नाहीस! लेखाखाली कवटी तपासणारी म्हणून माझं नाव जायचंय, तेव्हा छापण्याआधी नीट बघते. उजवा कान पार चेचलाय, सगळी भिस्त डाव्यावर. कानाखालचा हाडाचा फुगा आतल्या कानाच्या हाडातूनच वाढला असेल, तर पिल्लू वानरांच्या गोतातलं. मध्ये शिवण निघाली, तर फुगा वेगळ्या हाडाचा आणि तुझा सिद्धान्त आडवा. घाबरू नकोस, मला शिवण दिसली नाही. उद्या अॅसिटोनने धूळ तेवढी पुसते.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला दिसली नाही म्हणजे नाहीच. डाव्या कानाला मात्र अॅसिटोन लावू नकोस, फार नाजूक झालाय. मी सगळं तपासलंय, तू नुसती सही कर. आई जो भेटेल त्याला सांगत सुटली आहे की पोराने वानरांचा पणजोबा शोधला. तिचा विरस नको. लोभ आहेच, त्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझा भुंगा

१४ मार्च

चि. भुंग्यास,

तुझं पत्र आलं तेव्हा कुंचला फिरवून झाला होता. तपकिरी लुकण विरघळलं आणि फुग्याच्या कडेने शिवण उघडी पडली, केसाएवढी, सलग. तुला फुटकं हाड सांधायला शिकवलं तेव्हा एकच गोष्ट बजावली होती: लुकण हाडापेक्षा एक छटा फिकं ठेवायचं, म्हणजे पुढच्याला हाड कुठलं आणि आपली भर कुठली ते कळतं. तू रंग इतका हुबेहूब जुळवलास की मी फसले. क्षणभर तुझ्या हाताचं कौतुक वाटलं, मग रडू आवरेना.

तरी मनाला समजावलं, घाईत झालं असेल. तुझ्या पत्राने तेवढीही सोय ठेवली नाही. केसाने गळा कापलास रे. दुसऱ्या कुणाची कवटी असती तर मी पहिल्याच दिवशी कुंचला घेतला असता, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

उघड्या शिवणीचा फोटो मी आज संपादकांना पाठवला आहे. आईला तूच सांग.

लोभाचं काय लिहू? त्याला तडा गेलाय. कधी सांधायला आलास, तर एक छटा फिका सांध.

ताई