बाच्या खेचराचं पान

रिठद, ४ जून १९७४

पंजाबदादा, जयभीम.

तुहं कार्ड भेटलं. बा मरेस्तोवर ज्या महायुद्धाच्या पुस्तकाचं नाव काढे, ते तुले पाह्यजे म्हणून लिवलं. तूच त्याले हिणवलं होतं, "ब्रह्मदेशात खेचरं हाकली, लढाई कुठी पाह्यली?"

वाशीमच्या रद्दीतून मी तीन इतिहास अन् दोन कादंबऱ्या आणल्या. रोज चूल पेटवायच्या आधी त्याले वाचून दाखवो. साहेबायची नावं आली की तो इचारे, "खेचरायचं काय लिवलं?" काहीच नव्हतं.

शेवटची कादंबरी वाचता वाचता मी मनानंच जोडलं. एक खेचर छातीलोक चिखलात रुतलं, अन् शिपाई त्याची मान मांडीवर घेऊन बसला. बा रडला. म्हणे, "पंचफुले, लिवणाऱ्यानं मले पाह्यलं होतं." मंग गावभर सांगत फिरला.

आता हे तुले कोन्या तोंडानं सांगू? हे पत्र पेटीतच राहीन. पुस्तक उद्या पोस्टात टाकीन, संगं चिठ्ठी देईन, की बाचं खेचर दोनशे अकराव्या पानावर होतं.

ते पान मी आत्ताच फाडून चुलीत घातलं.

तुही बहीण,
पंचफुला