सुमी फाट्यावर जेवते

५ नोव्हें. १९८१, गुरुवार. जाम.
सूनबाईला सकाळच्या गाडीत बसवून दिलं. नागपूर, तीन महिने, बालवाडीचं ट्रेनिंग. शालूनं खिडकीतून पोरीकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर उतरली असती. सुमी माझ्या कडेवर. दोन वर्षांची पोर, तिला वाटलं गाडी वळून येईल. बराच वेळ नागपूरच्या रस्त्याकडे बोट.
शाळेच्या पुस्तकात निरोपाच्या कविता पुष्कळ असत. त्यांतली माणसं रथातून जात, नाहीतर होडीतून. एसटीतून जाणाऱ्यावर कुणी लिहिल्याचं आठवत नाही.
सायं. सुमी जेवली नाही. सौ. म्हणाली, "पयला दिवस हाय. उद्या खाईन."

८ नोव्हें., रविवार.
उद्या झाला, परवाही झाला. दुधाचे दोन घोट, बस. सौ.नं काय केलं नाही? वरणभात, दूधपोळी, गुळाचा शिरा. सुमीला मधोमध पाटावर बसवायचं आणि आम्ही भोवती, पूजा मांडल्यासारखे. शेजारच्या गिरजाबाई रोज हजर. "खा वो माय, एक घास." तोंड घट्ट. मी आमच्या चौथीच्या पुस्तकातली आख्खी कविता चालीवर म्हटली. पोरीनं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेतली, तोंड मिटूनच.
दु. रमेश चंद्रपूरच्या नोकरीवरून आला, सुट्टीचा दिवस म्हणून. लेकीच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळला. "बाबा, पोट्टी सुकून राह्यली. पुढच्या रविवारी अशीच दिसली त मी शालूले वापस घेऊन येतो. नाई कराचं ट्रेनिंग."
बाप आहे, बोलणारच. पण शालूनं या ट्रेनिंगसाठी दोन वर्षं वाट पाहिली. आणि या घरात माझी कविता संपल्यावर 'मामाजी, अजून एकदा' म्हणणारी ती एकटी. तिला अर्ध्यातून परत आणायचं म्हणजे
लिहवत नाही.

११ नोव्हें., बुधवार.
वांग्याचं टोपलं गाडीवर चढवायला फाट्यावर गेलो. सुमी सोबत. काम आटोपेपर्यंत मलाच भूक लागली, म्हणून गुलाबच्या हॉटेलात शिरलो. गुलाब बनियनवर, गल्ल्यावर, नेहमीसारखा ओरडत.
"या बाबूजी. घरी भांडण झालं का?"
(कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी सुटून सात-आठ वर्षं झाली. फाट्यावर अजून बाबूजीच.)
राइस प्लेट सांगितली. सुमीला बाकावर शेजारी बसवलं. हैदराबादकडचे ट्रक उभे होते, तिकडे पाहात जेवत होतो. खाली पाहिलं तर माझ्या वरणात चिमुकला हात. पोळीचा तुकडा बुडवला, तोंडात. पुन्हा बुडवला. मी मान वळवून घेतली. पाहिलं तर थांबेल, अशी भीती. अर्धी पोळी आणि वर भात. समोर एक सरदारजी ड्रायव्हर जेवत होता. तो चावे तशी ही चावे.
पोट भरल्यावर चमचा घेऊन टेबल बडवायला लागली. एक हलकी, दोन जड. ल-गा-गा, ल-गा-गा. आमच्या मास्तरांनी भुजंगप्रयात असाच पट्टी आपटून शिकवला होता. मलाही राहवलं नाही, मीही बोटांनी ठेका धरला. मागच्या बाकावरून कुणीतरी: "बाबूजी, पोट्टीले तबला शिकवून राह्यले का?"
घरी सौ.ला सांगितलं. चुलीकडे वळली. मग, पाठमोरी: "कोठीत गहू हाय, गोठ्यात दूध हाय. आन् नात हॉटेलात जेवते."

१३ नोव्हें., शुक्रवार.
काल गेलो, आजही गेलो. फाट्यावर जेवते. घरी नाही.
म्हणून आज हॉटेलच घरी आणलं. गुलाबच्या पोळ्या, डब्यात त्याचंच वरण. सौ.नं आपल्या ताटात वाढलं. मी म्हटलं ताट बदललं, म्हणून नसेल खात. परत फाट्यावर, गुलाबकडून त्याची एक पोचे पडलेली प्लेट मागून आणली. तो म्हणतो, "बाकडं बी घेऊन जा ना. येजा उद्या टेबल घ्याले."
पाट, प्लेट, वरण. भोवती मी, सौ., गिरजाबाई. तोंड घट्ट.
सौ.: "तो काईतरी टाकते वरनात."
"काय टाकते?"
"मले काय मालूम? मी सोता येऊन पाह्यतो उद्या."
ऐकून हातातलं पुस्तक खाली ठेवलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सौ.नं हॉटेलची पायरी चढलेली नाही. बाजारच्या दिवशीसुद्धा घरून भाकर बांधून नेते, नाहीतर उपाशी परत येते.

१४ नोव्हें., शनिवार.
गेलो तिघं. सौ.नं पाण्याचा तांब्या घरून घेतला. पदर कपाळापर्यंत. गुलाबनं पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "या काकू, फ्यामिली रूममंदी बसा." फॅमिली रूम म्हणजे कोपऱ्यातलं टेबल आणि फुलाफुलांच्या चादरीचा पडदा. सुमी पडदा उघडी, सौ. लावी. उघडी, लावी.
गुलाबनं तीन प्लेटा एकदमच आणून ठेवल्या. सौ.नं वरण हुंगलं, बोट लावून चाखलं. काही सापडलं नाही. मग प्लेट बाजूला सारली. "तुमी जेवा अगुदर. मी मंग पाह्यतो."
घरचीच रीत ती. आधी पोरंबाळं, पुरुष. मग सुना. सगळ्यांचं आटोपल्यावर सौ., चुलीच्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून. ती किती जेवते, काय जेवते, तिला काय आवडतं, मला खरंच सांगता येणार नाही.
मी घास घेतला. सुमीनं तुकडा बुडवला आणि हात तसाच ठेवला. सौ.च्या प्लेटीकडे पाहिलं. मग सौ.च्या तोंडाकडे. खाईना. मी घाबरलो. इथंही बंद झालं, म्हणजे संपलं.
तेवढ्यात तो वरणाचा गळता हात सौ.च्या तोंडापुढं. "आजी, तू."
"मी मंग खातो बाई."
हात हलेना. वरण लुगड्यावर. सौ.नं माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. खाल्ला.
मग सुमीनं खाल्ला. सौ.नं आपल्या प्लेटीतली पोळी मोडली. सुमीनं मोडली. शेवटपर्यंत असंच, एकीचा एक, दुसरीचा एक. मध्ये कधीतरी सुमीनं पडदा उघडला, तो तसाच राहिला.
परत येताना सौ.: "मीठ जास्त होतं."
नाल्यापाशी थांबली. "तिले एकटीले जेवाचं नसते. जवळचं कोनी न खाता पाहात राह्यलं त थे बी खात नाई. शालू तिच्यासंगं बसे, माह्या मागं, गुपचूप. मले मालूम होतं. मी बोलत नवतो."
"मग तू बस ना."
"उद्या रमेश येते. पोराच्या समोर बसू? तुमाले काय वाट्टे?"
मला काय वाटतं, हे तिनं जेवणाच्या बाबतीत मला कधी विचारलेलं आठवत नाही.

१५ नोव्हें., रविवार.
रमेश आला. दु. जेवायला बसलो. सौ.नं दोन ताटं वाढली, रमेशचं, माझं, आणि सुमीची वाटी. आपण पोळ्यांची दुरडी घेऊन उभी. गिरजाबाईंना आज तिनंच सांगितलं होतं, येऊ नका.
सुमी पाटावर. खाईना. आजीकडे मान वर करून बसलेली.
"पाहा बाबा," रमेश म्हणाला, "म्या म्हटलं नवतं का? मी उद्याच नागपूरले जातो."
सौ.नं दुरडी खाली ठेवली. ताट घ्यायलाही गेली नाही. सुमीशेजारी जमिनीवर बसली, तिच्याच वाटीतला घास घेतला आणि तोंडात घातला. मान खाली, पदर पुढं. चावताना गाल हलत होता तेवढाच दिसे. सुमीनं लगेच हात घातला.
रमेशचा घास हातात. आईला जेवताना त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. आधी पाहात राहिला, मग ताटात पाहिलं, मग कुठं पाहावं ते कळेना त्याला. लहानपणी कविता विसरल्यावर उभा राही, तसा चेहरा. पोळी संपली होती माझी. कोण उठणार? रमेश उठला, दुरडी घेतली, आधी आईपुढं धरली.
"अर्धी दे," सौ. म्हणाली. वर न पाहता.
संध्याकाळच्या गाडीनं तो चंद्रपूरला गेला. नागपूरला नाही.

२१ नोव्हें., शनिवार.
शालूचं कार्ड आलं. उद्या एका दिवसाची सुट्टी, सकाळी येते, संध्याकाळी परत. रमेशही येणार.
आठवडाभर सुमी घरी जेवते आहे. सौ. आमच्याबरोबर बसते, पण दार लोटून. मला आता माहीत आहे, तिला वांग्याची भाजी आवडत नाही. इतकी वर्षं वाडीत वांगीच लावली मी.
सौ. आज सकाळपासून बेचैन. तांदूळ निवडताना मध्येच थांबली.
"सुनेसमोर सासू जेवाले बसली त सुनेनं काय कराचं? उभं राहाचं का बसाचं?"
"बसाचं."
"मंग वाढाचं कोनं? पुस्तकात हाय का तुमच्या?"
नाही म्हटलं. पुस्तकात जेवणं फार असतात, पण वाढणारी माणसं कधी जेवलेली आठवत नाहीत.
आणखी दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "उद्या गुलाबकडंच जाऊ सगळे. थो वाढते. घरातलं कोनी उभं राहात नाई तिथं. शालू पाहीन पोट्टी कशी खाते त्, आन् सुखानं वापस जाईन."
मी म्हटलं, चल.
तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. सुमी तिच्या मांडीवर येऊन बसली, सौ. पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली.
"एका दिवसाचं झालं," सौ. म्हणाली. "शालू कायमची आल्यावर कसं?"